कुत्र्यांसाठीचा ‘कुलिंग’ माल: मुंबईच्या दमट हवेत काय चालतं, काय नुसतं ओलं राहतं

फेब्रुवारी सरत आला की क्रॉफर्ड मार्केटमधल्या दुकानांपासून मोबाइलवरच्या ॲपपर्यंत सगळीकडे कुत्र्यांसाठीचा ‘कुलिंग’ माल दिसायला लागतो. जॅकेट, गळ्यातला रुमाल, जेलची मॅट, बूट, घडीचा टब, पट्ट्याला अडकवायचा पंखा. यातल्या कुठल्याही एका कंपनीचा हा आढावा नाही, कारण इथे फरक पडतो तो कंपनीने नव्हे, तर वस्तू कोणत्या तत्त्वावर चालते याने. पाण्याची वाफ होऊन गारवा देणाऱ्या वस्तू मुंबईत मार खातात. हवा हलवणाऱ्या, सावली देणाऱ्या किंवा उष्णता थेट शोषून घेणाऱ्या वस्तू चालतात. खरेदी करताना एवढी एक चाळणी लावली तरी निम्मे पैसे वाचतात.

कारण असं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या कामाच्या ग्रंथी असतात त्या पंजांच्या गाद्यांत, आणि त्यांनी फारसं काही साधत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे जीभ, तोंड आणि नाकाच्या ओल्या अस्तरावरून पाण्याची वाफ उडू देणं. स्वस्थ पडलेला कुत्रा मिनिटाला १५ ते ३० श्वास घेतो. ल्हाल्हा करायला लागला की तोच आकडा ३००पर्यंत जाऊ शकतो. पण हवाच पाण्याने भरलेली असेल तर ते पाणी उडून जाणार कुठे? एप्रिल-मे महिन्यांत मुंबईत दुपारी ३४ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता ही रोजचीच गोष्ट. अशा हवेत वाऱ्यावर धरलेलं ओलं फडकं फार तर साडेअठ्ठावीस अंशांपर्यंत उतरतं. नागपूरच्या ४३ अंश आणि २० टक्क्यांच्या हवेत तेच फडकं २५ अंशांच्या खाली जाऊ शकतं. तिकडे फायदा १८ अंशांचा, इकडे जेमतेम साडेपाचांचा. ‘आमच्याकडे कुठे चाळीस होतं’ म्हणून मुंबईकर निर्धास्त राहतात, तेच चुकतं.

आता जॅकेट. भिजवायचं, पिळायचं, अंगात घालायचं. साधारण हजारापासून पुढे कितीही. अंगात घातल्यावर पहिली दहा मिनिटं ते छान वाटतं, कारण नळाचं पाणी कुत्र्याच्या अंगापेक्षा गार असतं. ते पाणी अंगाच्या उष्णतेने कोमट झालं की पुढचा सगळा भार बाष्पीभवनावर, आणि मुंबईत नेमकं तेच होत नाही. मग उरतो तो अंगाला चिकटलेला ओला, कोमट थर, जो केसांतून जाणारी हवाही अडवतो. म्हणजे जॅकेट आता गारवा देण्याऐवजी ऊब धरून ठेवतं. जॅकेट घातलेल्या कुत्र्याच्या काखेत हात घालून बघा: तिथलं कापड कोमट लागलं तर ते काढायची वेळ झालेली आहे. बाहेर असाल तर दर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा भिजवावं लागतं, आणि ते करायचंच असेल तर सरळ पोटावर आणि मांड्यांच्या आत पाणी ओतलेलं बरं. दुसरा तोटा कातडीचा. रोज तासन्‌तास ओल्या राहिलेल्या काखा आणि जांघा दमट हवेत वाळत नाहीत. तिथे लाल, चिकट, खाजरे चट्टे उठतात आणि बुरशीला आयतं घर मिळतं. गळ्यात बांधायच्या ‘कुलिंग’ रुमालाचं तेच. त्याच्या जागी साधा सुती पंचा भिजवून वापरलात तरी फरक कळणार नाही.

जॅकेटला मान द्यायचा तो मार्च-एप्रिलमधल्या मोजक्या दिवसांपुरता. पूर्वेकडून कोरडे वारे सुटतात, समुद्रावरचा खारा वारा दुपार उलटेपर्यंत शिरत नाही, आणि पारा चाळिशीकडे सरकतो. सांताक्रूझ वेधशाळेचे जुने उच्चांक मार्च-एप्रिलमधलेच आहेत: २८ मार्च १९५६ला ४१.७ आणि १४ एप्रिल १९५२ला ४२.२ अंश. अशा दिवशी आर्द्रता पडलेली असते, कपडे दोरीवर तासाभरात वाळतात, आणि तेव्हा जॅकेट खरोखर काम करतं. तेवढ्या चार दिवसांसाठी हजार-दोन हजार घालायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. खिशांत बर्फाच्या थैल्या घालायचं जॅकेट वेगळं. ते बाष्पीभवनावर अवलंबून नसल्याने इथेही चालतं. पण थैली आणि कातडी यांमध्ये कापडाचा एक थर हवा, थैल्या पोटाच्या आणि छातीच्या बाजूला हव्यात, आणि लहान कुत्र्यावर त्या वजनाचाच ताण येतो. बीगलपेक्षा लहान कुत्र्याला हे जॅकेट घेऊ नये.

सगळ्यात जास्त खपते ती जेलची मॅट, आणि तिच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमजही आहेत. ‘वीज नको, पाणी नको, आपोआप थंड’ असं खोक्यावर छापलेलं असतं. मॅट थंडावा तयार करत नाही. ती खोलीच्या तापमानालाच असते, कुत्रा बसला की त्याच्या अंगाची उष्णता शोषते, आणि भरली की थांबते. हिशेब सोपा आहे. तीस किलोचा लॅब्रॅडोर नुसता पडून असला तरी जुन्या चाळीस वॉटच्या बल्बइतकी उष्णता बाहेर टाकत असतो. त्यातली एक तृतीयांश पोटावाटे मॅटमध्ये उतरली आणि मॅटमध्ये दोन किलो जेल असलं, तर ३१ अंशांची मॅट ३५ला पोचायला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. त्यानंतर ती नुसती गादी. पुन्हा कामाला येण्यासाठी तिला मोकळं सोडून गार होऊ द्यावं लागतं, आणि खोलीच ३२ अंशांची असेल तर ती ३२च्या खाली कशी जाणार?

म्हणून मॅट कुठे टाकता यावर सगळं. पलंगावर किंवा सोफ्यावर टाकलेली मॅट खालून उष्णता सोडू शकत नाही. थेट फरशीवर टाकावी. खिडकीतून दुपारचं ऊन येतं तिथे टाकलेली मॅट उलट तापते. एसीच्या खोलीत सकाळी तासभर पसरून ठेवली आणि मग हॉलमध्ये आणली, तर तिचा उपयोग दुपटीने होतो. एका मोठ्या मॅटपेक्षा दोन मध्यम मॅट आलटून-पालटून वापरणं कधीही चांगलं. फ्रिजरमध्ये ठेवायची की नाही ते खोक्यावर बघावं. बऱ्याच जेलचे गोठून खडे होतात आणि कडेची जोडणी तडकते.

घेताना मॅट उचलून वजन बघा. एकाच मापाच्या दोन मॅटपैकी जड ती घ्या. त्यात जेल जास्त. मधल्या जोडण्या दाट हव्यात, नाहीतर महिन्याभरात सगळं जेल कडेला जमा होतं आणि मधे, नेमकं पोट टेकतं तिथे, दोन पातळ कापडं उरतात. नखं वाढलेली असतील तर आधी नखं कापा, मग मॅट पसरा. कुरतडणाऱ्या पिल्लाला मॅट देऊच नये: जेल पोटात गेलं तर ते बाधू शकतं, आणि प्लॅस्टिकचा तुकडा आतड्यात अडकला तर थेट शस्त्रक्रिया. पुसायची ती सौम्य साबणाच्या फडक्याने, मशीनमध्ये नाही. पावसाळ्यात ठेवताना घडी न घालता गुंडाळी करून, पूर्ण कोरडी करून ठेवावी. घडीच्या रेषेवर कापड फाटतं, आणि ओली ठेवली तर जूनअखेर काळे ठिपके ठरलेले.

एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. जुन्या इमारतीतली मोझॅकची फरशी, बाथरूममधला कडप्पा, कोटा लादी ही सगळी फुकटची आणि न संपणारी मॅटच आहे. दुपारी कुत्रा महागडी मॅट सोडून मोरीच्या दारात पालथा पसरतो तो उगाच नाही. उघडी फरशी असलेल्या मधल्या मजल्यावरच्या घरात मॅटची गरज नसते. ती घ्यावी लाकडी लॅमिनेटची जमीन असलेल्यांनी, किंवा म्हाताऱ्या, सांधे धरलेल्या कुत्र्यासाठी, ज्याच्या कोपरांना कडक फरशीवर घट्टे पडतात. वरच्या मजल्याची गोष्ट वेगळी. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत असतो, तिथे मॅटने भागत नाही.

तिथे लागते हलती हवा. आमच्या मते या सगळ्या यादीतली सगळ्यात कमी लेखलेली वस्तू म्हणजे जाळीची उंच खाट आणि जमिनीवर ठेवलेला टेबल फॅन. छताच्या पंख्याची हवा टेबलाखाली किंवा सोफ्यामागे पोचत नाही, आणि कुत्रा नेमका तिथे शिरतो. खाट जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर उंच, जाळी घट्ट ताणलेली, पाय रबरी टोपीचे. त्यावर झोपलेल्याच्या पोटाखालून वारा फिरतो. कुत्र्याचं पोट आणि पंजे ओल्या हाताने पुसून पंखा लावला तर दमट हवेतही थोडंफार पाणी उडतंच, कारण अंगाजवळची भरलेली हवा हटत राहते. पंख्याची जाळी बारीक हवी आणि वायर दातांच्या पल्ल्याबाहेर. पट्ट्याला अडकवायचे बॅटरीचे पंखे मात्र खेळणी आहेत.

पाण्याचा कूलर मुंबईत घेऊ नका, इतकंच. बंद खोलीत तो आर्द्रता आणखी वाढवतो.

एसी असेल तर १८वर नेण्याची गरज नाही; २५-२६ पुरे, आणि उकाडा जास्त पण तापमान बेताचं अशा दिवशी ‘ड्राय’ मोड लावावा. मुंबईत खरा शत्रू ओलावा आहे आणि हा मोड तोच काढतो. फक्त कुत्र्याला एकट्याला बंद फ्लॅटमध्ये एसीच्या भरवशावर सोडून कामावर जाऊ नका. एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, पडला की बंद खिडक्यांची खोली तासाभरात भट्टी होते. बाथरूमचं दार उघडं, ग्रिलची एक खिडकी फटीपुरती उघडी, पाण्याची भांडी दोन, आणि शेजाऱ्यांकडे किल्ली.

घडीचा पोहण्याचा टब मोहात पाडतो. १२० सेंटिमीटर व्यासाच्या टबात दहा सेंटिमीटर पाणी भरायलाही ११० लिटरहून जास्त लागतं, आणि उन्हाळ्यात पाणीकपात असली की ते जिवावर येतं. शिवाय साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. बांधकामाच्या दुकानातलं मोठं घमेलं किंवा कपड्यांचा पसरट टब आणा, चार बोटं पाणी घाला, कुत्रा पंजे बुडवून बसेल. संध्याकाळी तेच पाणी झाडांना.

बूट. सोसायटीतले पेव्हर ब्लॉक आणि डांबर दुपारी पन्नास अंशांच्या वर सहज जातात. हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून बघा. टेकवत नसेल तर पंजाही टेकवू नये. बूट हवेत ते अशा वेळी दोन मिनिटं खाली न्यावंच लागतं त्यांना: औषधावरचे म्हातारे कुत्रे, लघवीचा त्रास असलेले. रबरी तळ, वर जाळीचं कापड, घोट्याला पट्टी. माप घेताना कुत्र्याला कागदावर उभं करा, समोरचा दुसरा पाय उचलून भार टाकायला लावा आणि मग रुंदी आखा. टेकलेला पंजा उचललेल्यापेक्षा चांगलाच पसरतो. पुढचे पंजे बऱ्याच कुत्र्यांचे मागच्यांपेक्षा रुंद असतात, त्यामुळे चारही एकाच मापाचे घेतले की पुढचे दोन चावतात नाहीतर मागचे दोन निसटतात. फुग्यासारखे पातळ रबरी बूट तापलेल्या जमिनीसाठी निरुपयोगी. उष्णता आरपार जाते. पंधरा-वीस मिनिटांवर कुठलाच बूट ठेवू नये. फिरायला जायचं ते सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतर, म्हणजे बुटांचा प्रश्नच येत नाही. संध्याकाळी साडेपाचला ऊन उतरलेलं दिसतं, पण सिमेंट तेव्हाही तापलेलंच असतं. जुहू-गिरगावच्या वाळूचं दुपारी तेच, आणि तिथे तहानलेला कुत्रा समुद्राचं पाणी प्यायला तर उलट्या-जुलाब ठरलेले. त्यात अंगातलं उरलंसुरलं पाणीही जातं.

पाण्याची बाटली घ्याच. पन्हळीसारखी पसरट तोंडाची, बटण दाबलं की पाणी येतं आणि सोडलं की परत आत जातं अशी. विकत घेताना भरून, उलटी करून, पिशवीत हलवून बघा. यांचा पहिला दोष गळणं हाच असतो, आणि तो रबरी वॉशरमुळे. कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दहा किलोच्या इंडीला, म्हणजे देशी कुत्र्याला, अर्धा-पाऊण लिटर, तीस किलोच्या लॅबला दीड-दोन लिटर तरी. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी भांडं ठेवणाऱ्यांनी स्टीलचं ठेवू नये, उन्हात ते तापतं. सिमेंटची किंवा मातीची जड कुंडी, झाडाच्या सावलीत, रोज घासून. ताक चालतं, पण मीठ-फोडणीविना. बियांविना कलिंगड चालतं. द्राक्षं नाहीत, मनुकाही नाहीत. आणि आंब्याची कोय मे महिन्यात कचऱ्याच्या डब्यातून पळवली जाते, ती घशात किंवा आतड्यात अडकते. डब्याला झाकण ही उन्हाळ्याचीच खबरदारी समजा.

आता अशी वस्तू, जी ‘कुलिंग’च्या कप्प्यात नसते पण उन्हाळ्यात घात करते: मुसकं. लिफ्टमध्ये न्यायचं म्हणून सोसायट्या आग्रह धरतात, आणि लोक स्वस्तातलं नायलॉनचं, तोंड घट्ट आवळणारं घेतात. तोंड बंद म्हणजे ल्हाल्हा बंद, म्हणजे गार व्हायचा मुख्य मार्ग बंद. घ्यायचंच तर टोपलीसारखं घ्या, ज्यात तोंड पूर्ण उघडून जीभ बाहेर काढता येते आणि पाणीही पिता येतं. घातल्यावर कुत्रा जांभई देऊ शकतो का बघा. देऊ शकत नसेल तर माप लहान. पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग या चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या नाकाचा मार्गच आखूड आणि अरुंद, त्यांना ते बसतही नाही. मोबाइलच्या जाहिरातीने पग घरोघरी आणला, पण मुंबईच्या मे महिन्यासाठी त्याहून गैरसोयीचं नाक शोधून सापडणार नाही. त्यांना दुपारी एसीच.

केस भादरून देणाऱ्या पार्लरांबद्दल एकच. हस्की, गोल्डन रिट्रीव्हर, पॉमेरेनियन यांची दुहेरी लव मशीनने मुळापर्यंत उतरवू देऊ नका. वरचा थर ऊन अडवतो. तो गेला की कातडी भाजते, आणि केस परत येताना कधीकधी विरळ आणि ठिगळ्याठिगळ्यांचे येतात. आतली सुटलेली लव काढायला लांब दातांचा रेक-ब्रश आणा, आठवड्यातून तीनदा, केसांच्या दिशेने. पोटावरचे केस आखूड केले तर चालतात. फरशीला टेकणारं पोट मोकळं होतं.

शेवटची आणि सगळ्यात स्वस्त खरेदी म्हणजे औषधाच्या दुकानातला डिजिटल थर्मामीटर, कुत्र्यासाठी वेगळा राखलेला. कपाळाला लावायची बंदूक केसांवर काही सांगत नाही. टोकाला खोबरेल तेल लावून गुदद्वारात दोन-अडीच सेंटिमीटर, बाजूच्या भिंतीला टेकवून. निरोगी कुत्र्याचं ३८.३ ते ३९.२, म्हणजे १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट. सावलीत, पंख्याखाली दहा मिनिटं बसूनही ४०च्या वर असेल तर लगेच गार करायला लागा. चिकट दाट लाळ, विटेसारख्या लाल हिरड्या, झोकांड्या, उलटी, रक्ताचे जुलाब यातलं काही दिसलं तर तो उष्माघात समजा, थर्मामीटर शोधत बसू नका.

आधी गार करायचं, मग गाडीत घालायचं; लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजनेही हेच धरून ठेवायला सांगितलं आहे. साधं पाणी मान, पोट, जांघांवर सतत ओता आणि समोर पंखा लावा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी स्वतःच तापलेलं असतं, म्हणून उन्हाळाभर दोन बादल्या सावलीत भरून ठेवाव्यात आणि नळ सोडला तर आधी गरम पाणी वाहून जाऊ द्यावं. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो जॅकेटचंच काम करतो. शुद्धीत असेल तरच पाणी, घोटघोट. क्रोसिन अजिबात नाही. हा ताप नव्हे आणि पॅरासिटामॉल कुत्र्याला बाधतं. पारा साडेएकोणचाळीसला आला की पाणी थांबवा, नाहीतर तो खाली घसरत जातो.

मग डॉक्टर. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, महालक्ष्मीचं टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय, किंवा घराजवळचा दवाखाना. यांपैकी रात्री कोण घेतं ते एप्रिल लागायच्या आत फोन करून विचारून ठेवावं. कॅबवाल्यालाही आधीच सांगावं की कुत्रा आहे, म्हणजे फाटकात वाद होत नाही. कुत्रा उठून शेपटी हलवायला लागला तरी न्यायचंच, कारण मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याची यंत्रणा यांचं बिघडणं एक ते तीन दिवसांनी दिसतं. लघवी कमी किंवा गडद झाली, हिरड्यांवर किंवा पोटावर बारीक लाल ठिपके आले, तर त्याच दिवशी पुन्हा.